रात्री मनगट सरळ ठेवण्यासाठी: कार्पल टनेल सिंड्रोममध्ये स्प्लिंट कसा निवडावा, कसा बसवावा आणि किती दिवस वापरावा

मध्यरात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येते, हात झटकला किंवा पलंगाच्या कडेवरून खाली सोडला की काही मिनिटांत बरे वाटते, आणि तास-दोन तासांनी पुन्हा तेच घडते. ही तक्रार घेऊन गेलेल्या रुग्णाला कार्पल टनेल सिंड्रोमचे निदान झाल्यावर बहुतेक वेळा पहिला सल्ला मिळतो तो रात्री मनगटाला स्प्लिंट, म्हणजे सांध्याला वाकू न देणारा आधार, बांधून झोपण्याचा. सल्ला योग्य असतो, पण तो एका वाक्यात संपतो. रुग्ण मेडिकलच्या दुकानातून समोर येईल तो पट्टा विकत घेतो, आवळून बांधतो, दोन-चार रात्रींत कंटाळतो आणि ‘पट्ट्याचा काही उपयोग झाला नाही’ असे सांगत तो कपाटात टाकतो. अशा वेळी दोष उपायाचा असतोच असे नाही. स्प्लिंटमध्ये मनगट खरोखर सरळ होते का, हे पुष्कळदा कोणी तपासलेलेच नसते. या लेखाचा मोठा भाग म्हणूनच त्या एका गोष्टीवर खर्च केला आहे.

मनगट सरळ का हवे

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस आठ लहान हाडांची खोबण आणि तिच्यावरून आडवा गेलेला जाड अस्थिबंध यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा तयार होतो. बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नस (रक्तवाहिनी नव्हे, तर संवेदना वाहणारा मज्जातंतू) या बोगद्यातून तळहातात येतात. बोगद्याच्या भिंती ताणल्या जात नाहीत. त्यामुळे कंडरांवरचे आवरण थोडे जरी सुजले तरी आतला दाब वाढतो आणि त्याचा त्रास सर्वांत आधी नसेला होतो.

हा दाब प्रत्यक्ष मोजलेला आहे. अमेरिकेतील हस्तशल्यचिकित्सक रिचर्ड गेल्बरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी माणसाच्या सरळ मनगटात तो सरासरी 2.5 मिलिमीटर पारा एवढा होता, तर कार्पल टनेलच्या रुग्णांमध्ये सरळ मनगटातही 32 होता. रुग्णांनी मनगट तळहाताकडे पूर्ण मुडपले की तो 94 वर गेला आणि मागच्या बाजूला पूर्ण वाकवले की 110 वर. नसेवरील दाब 20 ते 30 मिलिमीटरच्या आसपास पोहोचला की तिच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील प्रवाह मंदावू लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. रुग्णाची नस सरळ मनगटातही काठावर असते आणि वाकलेल्या मनगटात तिची उपासमार होते.

दिवसा आपण हाताची स्थिती सतत बदलतो. झोपेत मात्र हात गालाखाली किंवा उशीखाली जातो, किंवा मुडपून छातीशी धरला जातो, आणि मनगट तासन्‌तास तसेच राहते. शिवाय आडवे झाल्यावर शरीरातील द्रव हातांकडेही पसरतो, त्याची भर वेगळीच. स्प्लिंट सूज उतरवत नाही आणि बोगदा रुंदही करत नाही. तो मनगटाला वाकू देत नाही, एवढेच त्याचे काम आहे. आणि तेवढेच नीट झाले तर सौम्य व मध्यम स्वरूपाच्या आजारात नसेला सावरायला अवधी मिळतो.

विकत घेण्यापूर्वी: हा तोच आजार आहे ना?

मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांत येतात ते एक-दोन रात्री बारकाईने पाहावे. मीडियन नसेच्या वाट्याला अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा मधल्या बोटाकडील अर्धा भाग येतो. करंगळी तिच्याकडे नाही. त्यामुळे बधिरपणा मुख्यतः करंगळीत आणि अनामिकेच्या बाहेरच्या अर्ध्या भागात असेल, तर कोपराजवळ दुसरी नस दबत असण्याचा संभव अधिक असतो आणि मनगटाच्या स्प्लिंटने त्यात फरक पडणार नाही. तळहाताच्या मध्यावरील त्वचा सहसा बधिर होत नाही, कारण तिला संवेदना पुरवणारी शाखा बोगद्याच्या बाहेरून जाते. मानेपासून दंडावरून कळ उतरत असेल आणि मान वळवली की ती वाढत असेल, तर मानेच्या मणक्यांकडे लक्ष द्यावे लागेल.

घरी करता येण्याजोगी एक साधी चाचणी आहे. दोन्ही कोपरे टेकवून हातांचे पंजे खाली लोंबू द्यावेत, म्हणजे मनगटे आपोआप तळहाताकडे वाकतात, आणि साधारण 60 सेकंद तसेच थांबावे. तेवढ्या वेळात नेहमीच्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय बळावतो. आल्या नाहीत म्हणून आजार नाही असे मात्र सिद्ध होत नाही. निदान डॉक्टरांनीच करावे. गरज वाटल्यास ते नसेचा वेग मोजणारी एनसीव्ही तपासणी सांगतात, आणि त्यासोबत रक्तातील साखर, थायरॉइड व ब-12 जीवनसत्त्वही पाहिले जाते. मधुमेह आणि थायरॉइडची कमतरता या दोन्हींमध्ये कार्पल टनेल अधिक प्रमाणात आढळतो. ब-12 ची कमतरता आपल्याकडे शाकाहारी कुटुंबांत पुष्कळ दिसते आणि तीही हातापायांत मुंग्या आणू शकते. पायांतही मुंग्या असतील तर केवळ मनगटावर भिस्त ठेवून चालणार नाही. याच संदर्भात एक इशारा देणे आवश्यक वाटते. ‘नसांच्या गोळ्या’ म्हणून परस्पर घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी अनेकींत ब-6 असते, आणि ते दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास त्यानेच नसांना इजा होते.

काही लक्षणे असताना स्प्लिंटवर आठवडे घालवू नयेत. बधिरपणा येऊन-जाऊन न राहता दिवसरात्र कायम असणे, अंगठ्याच्या मुळाशी असलेला तळहाताचा फुगीर भाग दुसऱ्या हाताच्या तुलनेत सपाट दिसू लागणे, कुर्त्याची बटणे लावता न येणे, भांडी हातातून निसटणे, किंवा मनगटाच्या दुखापतीनंतर अचानक बोटे बधिर होणे, यांपैकी काहीही असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा हस्तशल्यचिकित्सकांना लवकर दाखवावे.

कोणता स्प्लिंट घ्यावा

दुकानात ‘मनगटाचा पट्टा’ मागितला की तीन प्रकारच्या वस्तू पुढे येतात. पहिला प्रकार म्हणजे विणलेला लवचीक पट्टा किंवा क्रेप बँडेज. या कामासाठी तो घेऊ नये. तो मनगट वाकण्यापासून रोखत नाही, उलट भोवतीने आवळतो. दुसरा अंगठ्यासकट बांधला जाणारा स्प्लिंट, जो अंगठ्याच्या मुळाशी होणाऱ्या वेगळ्या दुखण्यासाठी असतो. आपल्याला हवा तो तिसरा: तळहाताच्या बाजूने कप्प्यात धातूची पट्टी घातलेला, अंगठा व बोटे मोकळी सोडणारा आणि व्हेल्क्रोच्या पट्ट्यांनी बंद होणारा. आपल्याकडे तो बहुधा ‘कॉक-अप स्प्लिंट’ या नावाने काहीशे रुपयांत मिळतो.

माप घेताना मनगटाचा घेर टेपने मोजावा आणि खोक्यावरील तक्त्याशी ताडून पाहावा. अंदाजाने ‘मीडियम’ घेऊ नये. दोन मापांच्या सीमेवर असाल तर मोठे घ्यावे, कारण सैल स्प्लिंट पट्ट्या ओढून बसवता येतो, पण घट्ट स्प्लिंट सैल करण्याला मर्यादा असते. लांबी कोपराच्या दिशेने निदान अर्ध्या हातापर्यंत असावी. अगदी आखूड स्प्लिंट मनगटाला धरून ठेवू शकत नाही आणि त्याची कड हातात रुतते. पुढची कड तळहातावरच्या, बोटांच्या मुळाजवळील आडव्या रेषेच्या अलीकडे थांबली पाहिजे. ही कसोटी दुकानातच करावी: स्प्लिंट घालून मूठ वळावी. बोटे मुळापासून पूर्ण मिटत नसतील तर तो स्प्लिंट आपल्या हाताचा नाही.

हाताचा आकार वेगळा असेल, संधिवाताने सांधे वाकलेले असतील किंवा तयार मापे बसतच नसतील, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून थर्मोप्लास्टिकचा, म्हणजे गरम पाण्यात मऊ करून हातावरच आकार दिलेला स्प्लिंट करून घेता येतो. मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणि मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी यासाठी स्वतंत्र विभाग असतात.

धातूची पट्टी सरळ करणे

संपूर्ण लेखातून एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी. कॉक-अप स्प्लिंटमधील पट्टी कारखान्यातूनच वाकवलेली येते आणि ती मनगटाला साधारण 20 ते 30 अंश मागे झुकवून ठेवते. पंजा लुळा पडलेल्या रुग्णांसाठी किंवा पकड टिकवण्यासाठी ती स्थिती योग्य आहे. कार्पल टनेलसाठी नाही. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट आणि 20 अंश मागे झुकवणारा स्प्लिंट यांची तुलना केली गेली आणि सरळ स्थितीतच अधिक आराम मिळाल्याचे आढळले. असे असूनही स्प्लिंट खोक्यातून काढून जसाच्या तसा हातावर चढवला जातो.

पट्टी कप्प्यातून बाहेर काढावी. ती कोणत्या टोकाने आणि कोणत्या बाजूने आत होती याची पेनाने खूण करून ठेवावी, नाहीतर परत घालताना गोंधळ होतो. बाजूने पाहिल्यास मनगटाच्या जागी बाक दिसेल. पट्टी टेबलाच्या काठावर आडवी ठेवून दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी हळूहळू दाब देत तो बाक काढावा. हातोडी वापरू नये. पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवूही नये, कारण अ‍ॅल्युमिनियम तशाने त्याच जागी तुटते. टोकाकडे तळव्याच्या खोलगटपणासाठी दिलेला हलका आकार असेल तर तो राहू द्यावा. हातांत मुळातच जोर नसेल तर हे काम घरातील दुसऱ्या कोणाकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावे. काही स्प्लिंटमध्ये हाताच्या पाठीकडूनही एक पट्टी असते, तीही तपासावी.

पट्टी परत घालून स्प्लिंट बांधला की कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरावा आणि कोणाला तरी बाजूने फोनवर फोटो काढायला सांगावे. स्वतःच्या डोळ्यांना हा कोन फसवतो. फोटोत मात्र तो स्पष्ट दिसतो. हाताच्या मागच्या बाजूची, कोपराकडून मधल्या बोटाच्या मुळापर्यंत जाणारी रेषा साधारण सलग दिसली पाहिजे. पंजा मागे झुकलेला दिसला तर पट्टी आणखी थोडी सरळ करावी. पुढे झुकला असेल तर अति झाले. दुसरा फोटो वरून घ्यावा: मधले बोट हाताच्या मधोमध असलेल्या रेषेत असावे, पंजा करंगळीकडे किंवा अंगठ्याकडे कललेला नसावा. चार-पाच अंशांचा फरक चालतो. बाक काढलेला स्प्लिंट सुरुवातीला विचित्र वाटतो, कारण मनगट किंचित मागे ठेवण्याची आपल्याला दिवसभर सवय असते. त्या भावनेला फसून पट्टी पुन्हा वाकवू नये.

रात्रीची पद्धत

झोपण्याआधी बांगड्या, पाटल्या, घड्याळ आणि अंगठ्या काढून ठेवाव्यात. बांगड्या काढायच्या नसतील तर निदान कोपराकडे सरकवून चालेल असे समजू नये. स्प्लिंटच्या कडेखाली त्या रात्रभर रुततात. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. तेल किंवा मलम लावायचे असेल तर तासभर आधी लावावे. कोकणात, मुंबईत किंवा मे महिन्यात कुठेही, थेट त्वचेवर बांधलेल्या स्प्लिंटखाली घाम साचून पुरळ येते आणि लोक तेवढ्याच कारणाने उपाय सोडून देतात. त्यासाठी आत सुती स्टॉकिनेट, म्हणजे नळीसारखे विणलेले कापड, घालावे, किंवा जुन्या सुती मोज्याचा पंजाकडचा भाग कापून व अंगठ्यासाठी छिद्र करून तो वापरावा. असे दोन-तीन तुकडे असले की पावसाळ्यातही रोज एक कोरडा मिळतो.

व्हेल्क्रोच्या पट्ट्या बांधताना आधी मनगटावरची, मग कोपराकडची आणि शेवटी तळहाताकडची बांधावी. प्रत्येक पट्टीखाली एक बोट सहज सरकले पाहिजे. आवळून बांधलेला स्प्लिंट बोगद्यावर बाहेरून दाब देतो आणि मुंग्या वाढवतो. स्प्लिंटमुळे त्रास वाढला अशी तक्रार असेल तेव्हा सर्वप्रथम मनगटावरची पट्टी सैल करून पाहावी. दोन्ही हातांना त्रास असेल तर दोन्हींना घालावा. बोटे मोकळी असल्याने पहिला स्प्लिंट चढवल्यावर त्याच हाताने दुसरा बांधता येतो; आधी डावा, मग उजवा असा क्रम उजव्या हाताने काम करणाऱ्यांना सोपा जातो. रात्री लघवीला उठावे लागणाऱ्या वृद्धांनी स्प्लिंटसकट दाराची कडी आणि दिव्याचे बटण हाताळण्याचा सराव आधी करून घ्यावा.

पालथे झोपणे टाळावे. कुशीवर झोपणाऱ्यांनी समोर एक जादा उशी घेऊन हात तिच्यावर ठेवावा, म्हणजे तो गालाखाली जात नाही आणि कोपरही पूर्ण मुडपले जात नाही. शेजारी तान्हे बाळ झोपत असेल तर धातूची पट्टी असलेला हात त्याच्या बाजूला येणार नाही अशी जागा निवडावी.

पहिल्या काही रात्री झोपेतच स्प्लिंट काढून फेकला जाणे अगदी सामान्य आहे. संध्याकाळी दूरदर्शनसमोर बसताना तासभर घालून सवय केली तर हे कमी होते. सकाळी तो काढल्यावर मनगट थोडे ताठरलेले वाटते; बोटे काही वेळा उघडमीट करावीत आणि मनगट हलकेच सर्व दिशांना फिरवावे. त्वचेवर उमटलेले लाल वळ अर्ध्या तासात जायला हवेत. जात नसतील, तर त्या जागी कड रुतते आहे किंवा पट्टी घट्ट आहे असे समजावे. मधुमेहाच्या रुग्णांनी ही पाहणी रोज करावी, कारण बधिर त्वचेवर जखम झालेली कळत नाही.

दिवसा स्प्लिंट घालावा का? माझे मत असे, की सामान्यतः घालू नये. रात्रीच्या वापरातून मिळणाऱ्या आरामात दिवसभर घातल्याने लक्षणांच्या दृष्टीने मोठी भर पडल्याचे दिसलेले नाही, आणि बांधलेल्या मनगटाने कणीक मळणे किंवा धुणे पिळणे म्हणजे तोच जोर कोपर आणि खांद्यावर ढकलणे होय. स्प्लिंट घालून दुचाकी चालवू नये आणि गॅसजवळ काम करू नये. दिवसासाठी वेगळी पथ्ये आहेत: फोन फार वेळ मुडपलेल्या मनगटाने धरू नये, भाकरी थापणे किंवा नारळ खोवणे अशी कामे सलग न करता मध्ये थांबावे, आणि दुचाकीच्या लांब प्रवासात हँडलवरची पकड अधूनमधून सैल करावी.

किती दिवस, आणि काय अपेक्षा ठेवावी

रोज रात्री, किमान सहा आठवडे. त्रास झाला त्या रात्रीच घालणे हा या उपायाचा सर्वांत सामान्य गैरवापर आहे. आधी रात्रीची जाग कमी होते, अनेकांना पहिल्या एक-दोन आठवड्यांतच. दिवसाच्या मुंग्या त्यानंतर ओसरतात. बारीक झालेला स्नायू किंवा गेलेला जोर स्प्लिंटने परत येत नाही. उशाशी एक वही ठेवून रोज सकाळी रात्री किती वेळा जाग आली आणि त्रास शून्य ते दहापैकी किती होता एवढे दोनच आकडे लिहावेत. सहा आठवड्यांनी डॉक्टरांपुढे ती वही ठेवली तर ‘थोडे बरे वाटते’ या उत्तरापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

पर्यायांबद्दलही स्पष्ट असावे. 2018 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत सौम्य ते मध्यम आजार असलेल्यांपैकी काहींना स्टेरॉइडचे एक इंजेक्शन, तर काहींना रात्रीचा स्प्लिंट दिला गेला. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांना अधिक आराम होता. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. म्हणजे ज्याला लवकर आराम हवा आहे, उदाहरणार्थ रोज रात्री झोपमोड होऊन काम बिघडते आहे, त्याने इंजेक्शनबद्दल विचारायला हरकत नाही. नेदरलँड्समधील 2002 सालच्या चाचणीत तीन महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात 80 टक्के, तर स्प्लिंटच्या गटात 54 टक्के रुग्णांना यश मिळाले होते. या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहावे: शस्त्रक्रिया अधिक खात्रीची आहे हे खरे, आणि स्वस्त, निरुपद्रवी अशा स्प्लिंटवर निम्म्याहून अधिक जणांचे भागले हेही खरे. सहा ते बारा आठवडे नीट वापरूनही फरक नसेल, तर मात्र आणखी महिने काढण्यात अर्थ नाही, कारण फार काळ दबलेली नस शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण सावरेलच असे नाही.

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, हा त्रास अंगावरील सुजेमुळे उद्भवतो आणि तेव्हा स्प्लिंट हाच पहिला उपाय असतो. बोटे सुजलेली असल्याने माप थोडे मोठे घ्यावे आणि पट्ट्या दर दोन-चार दिवसांनी नव्याने जुळवाव्यात. प्रसूतीनंतर बहुतेकींचा त्रास हळूहळू कमी होतो, पण बाळाला पाजताना त्याचे डोके मुडपलेल्या मनगटावर तोलले तर तो रेंगाळतो. अशा वेळी बाळाखाली उशी घेऊन भार हातावरून उतरवावा.

स्प्लिंट धुताना धातूची पट्टी आधी काढावी, व्हेल्क्रो बंद करावे, कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने धुऊन सावलीत वाळवावा. पट्टी परत घातल्यावर ती उलटी बसली नाही ना, आणि मधल्या काळात हाताच्या जोराने पुन्हा वाकली नाही ना, हे टेबलावर आडवी ठेवून दर वेळी पाहावे. व्हेल्क्रो धरेनासे झाले की शिंप्याकडून नवीन लावून घेता येते. त्यासाठी स्प्लिंट टाकून देण्याची गरज नाही.

त्रास गेल्यावर स्प्लिंट एकदम बंद करू नये. सलग दोन-तीन आठवडे रात्री जाग आली नाही तर एक रात्र सोडून घालावा, तेही निभावले तर आठवड्यातून दोन-तीन रात्री, आणि मग थांबावे. लग्नसराईची कामे, दिवाळीचा फराळ किंवा शेतातील कापणी अशा हातांवर ताण येणाऱ्या दिवसांत मुंग्या पुन्हा डोकावल्या, तर त्याच रात्रीपासून दोन आठवडे तो परत सुरू करावा. त्यानंतरही मुंग्या हटल्या नाहीत, किंवा वर्षभरात असे वारंवार घडू लागले, तर एनसीव्ही तपासणी पुन्हा करून घ्यावी.